चार नंबरचं पिंप

रोशनी दुमाडा रागावणारी बाई नव्हती. कैनाडच्या शाळेपासून एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत तिच्याबद्दल सगळ्या शिक्षकांनी एकच सांगितलं होतं, मुलगी शांत आहे आणि कामाला चोख आहे. झरीजवळच्या बिअरच्या कारखान्यात ती प्रयोगशाळा सांभाळायची. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, पीएच मोजायचं एक यंत्र आणि सतत घरघरणारा एक फ्रीज. चार वर्षांत तिचा चढलेला आवाज त्या खोलीबाहेर कुणी ऐकला नव्हता.

कारखाना दीपेशचा. डहाणूतल्या जुन्या चिकूवाडीवाल्या घरातला हा मुलगा परदेशात शिकायला गेला आणि तिथून आंबट बिअरचं वेड घेऊन परत आला. साधी बिअर आंबली तर ओतून देतात. ही मुद्दाम आंबवायची, वाईनच्या जुन्या लाकडी पिंपात भरून, वर रानफळ घालून, वर्षभर अंधारात ठेवून. रोशनीने हे पहिल्यांदा आपल्या मावशीला, लाडकीला, समजावून सांगितलं तेव्हा मावशी पोट धरून हसली होती.

"आमची ताडी दुपारपर्यंत आंबते फुकटात. तुझा शेठ वर्षभर वाट बघतो?"

पण फळ मावशीनेच आणलं. गेल्या वर्षी एप्रिलअखेर झरीच्या आठ बाया पूर्वेच्या डोंगरात गेल्या आणि काट्यांनी ओरबाडलेले हात घेऊन, करवंदांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन उतरल्या. बाया आणि दीपेश यांच्यामध्ये फक्त रोशनीचा शब्द होता. सहा पिंपांत करवंदं तिने स्वतः वजन करून घातली, प्रत्येक पिंपात चाळीस किलो, एकाच डोंगरातली, एकाच दिवशी.

आज त्या पिंपांचा निकाल लागायचा होता. मुंबईहून नविन नावाचे गृहस्थ आले होते. शहरातल्या पाच-सहा बारमध्ये काय विकायचं ते हे ठरवत. दीपेशने त्यांच्यासाठी बेत आखला होता. फळ तोडणाऱ्या बायांनी आपल्याच फळाची बिअर पहिल्यांदा चाखायची आणि त्याचे फोटो काढायचे. म्हणून बायांना यंदाची पहिली करवंदं घेऊनच बोलावलं होतं. अकरा टोपल्या बाहेर लिंबाच्या सावलीत ओल्या फडक्याखाली उतरवल्या होत्या. आठही बाया, काळी, सुकी, जिवली आणि बाकीच्या, थंडगार पिंपखोलीत अंग चोरून उभ्या होत्या. पुढे लाडकी मावशी, गालात तंबाखू-चुन्याची गोळी.

"मावशी, ते थुंकून या ना," दीपेश हसत म्हणाला. "फोटोत दिसतं."

"दिसू दे. माझंच तोंड आहे."

दारापाशी ठेवलेलं पिंप चार नंबरचं. दीपेशने त्याचं वरचं बूच काढलं, लांब काचेची नळी आत सोडली आणि बोट दाबून लालभडक बिअर वर काढली. नविन खूश झाले. हे दृश्य पाहणाऱ्या सगळ्यांनाच आवडायचं.

मावशीने ग्लास हातात घेतला. आधी चार थेंब जमिनीवर सोडले, घरच्या मेलेल्या माणसांसाठी. दीपेशने नव्या फरशीकडे पाहिलं. मग मावशीने घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. चेहरा चांगला होता. रोशनीने सुटकेचा श्वास सोडला. आणि मग, दहा आकडे मोजावेत इतक्या वेळाने, मावशीचा चेहरा आक्रसला.

"यात उंदीर आहे," ती म्हणाली.

कुणीतरी खुसकन हसलं. मावशीने ग्लास काळीकडे दिला. काळीच्या गालातही गोळी होती. काळी प्यायली, थांबली आणि तिने पदर तोंडाला लावला.

"कणगीतला उंदीर," काळी म्हणाली. "भाताच्या तळाशी मुततो ना, तोच."

"काय बोलताय!" दीपेशने स्वतः मोठा घोट घेतला. "नविनभाई, प्या तुम्ही. फर्स्ट क्लास आहे. यांना ताडीची सवय, यांना काय कळणार?"

नविन प्यायले. डोळे मिटले. मग जीभ टाळूला लावत म्हणाले, "सुरुवात सुंदर आहे. पण मागून काहीतरी येतंय. थोडं शिळ्या पापडासारखं. मला एकट्यालाच वाटतंय का?"

खोलीतला गारवा एकदम जाणवू लागला. दीपेशचा चेहरा बदलला तो रोशनीने पाहिला. माणूस पडताना हाताला लागेल ते धरतो, तसं त्याने जवळचं धरलं.

"फ्रूट असणार," तो म्हणाला. "गेल्या वर्षी टोपल्या एक रात्र यांच्या घरात राहिल्या होत्या. झोपडीत उंदीर फिरणारच. मी तेव्हाच रोशनीला म्हणालो होतो, लोकल फ्रूट रिस्की आहे. लाहू, बाहेरच्या टोपल्या आत घेऊ नकोस. यंदा नको आपल्याला."

लाहू हा पिंपं धुणारा, भरणारा, राखणारा पन्नाशीचा गडी.

"काय म्हणालास?" मावशी म्हणाली. ती सगळ्यांना अरेतुरेच करायची, तलाठ्यालासुद्धा. "उंदीर माझ्या घरचा?"

"मावशी, तसं नाही हो. हायजीनचा प्रश्न आहे."

"टेम्पो कुणाचा आला नाही त्या दिवशी? तुझा. म्हणून राहिल्या टोपल्या. आढ्याला टांगल्या होत्या आम्ही, दोरीनं. ही सुकी खाली बसून राहिली पहाटेपर्यंत. तिला विचार किती उंदीर आले."

"मी मोजले नाहीत," सुकी म्हणाली, "कारण आलेच नाहीत."

दीपेशने रोशनीकडे वळून हात पसरले. "रोशनी, तू सांग यांना. तुझाच रिपोर्ट आहे ना? मागच्या आठवड्यात तूच चव घेतलीस, 'स्वच्छ, ठीक' लिहिलंस. म्हणजे बिअरमध्ये दोष नाही. असेल तर फळाचाच, आता वर आलेला. बरोबर?"

रोशनीला राग आला तो इथे. त्यात सगळ्यात वाईट हे की तिला आधी स्वतःचाच आला. कारण 'उंदीर' हा शब्द तिने पेयाच्या दोषाचं नाव म्हणून वाचलेला होता. आंबवलेल्या पेयात हवा शिरली की काही जिवाणू एक द्रव्य तयार करतात. पेय आंबट आहे तोवर ते द्रव्य दडून बसतं, त्याला वास नसतो. घोट गिळल्यावर लाळेने तोंडातला आंबटपणा उतरला की मगच ते उठतं, जिभेच्या मागच्या बाजूला, उशिरा. तीन माणसांतल्या एकाला ते कधीच जाणवत नाही. पुस्तकाच्या एका पानावर हे सगळं होतं. तिने ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि मागच्या मंगळवारी घोट थुंकून, लगेच लेखणी उचलून 'ठीक' लिहून मोकळी झाली होती.

आणि मावशीच्या गालात चुना होता. आंबटपणा मारायला चुन्यासारखं दुसरं काही नाही.

"मावशी, डबी दे," ती म्हणाली.

"कसली?"

"चुन्याची."

मावशीने कमरेच्या पिशवीतून पत्र्याची डबी काढून दिली. रोशनीने नळीने चार नंबरचे दोन ग्लास भरले आणि बूच परत लावलं. एक बाजूला ठेवला. दुसऱ्यात नखावर मावेल एवढा चुना टाकला आणि ढवळला. लाल बिअर जांभळी झाली, मग निळसर, मग पावसाळी आभाळासारखी राखाडी. जिवली "अगं बाय" म्हणून मागे सरली. रोशनी मात्र पुढे झाली आणि तो ग्लास तिने दीपेशच्या नाकाखाली धरला.

"वास घ्या."

दीपेशने वास घेतला आणि डोकं मागे झटकलं. नविननी घेतला. ते दारापर्यंत जाऊन परत आले.

"हा वास चुन्याचा नाही," रोशनी म्हणाली. "चुन्याने फक्त आंबट मारलं. वास आत होताच. तुम्हाला लागला नाही, मलाही नाही. यांना लागला कारण यांच्या तोंडात चुना होता."

"म्हणजे मी म्हणतो तेच झालं," दीपेश म्हणाला. "उंदीर आहे. फळातून आला."

"एकच फळ सहाही पिंपांत आहे."

ती खोलीच्या मागच्या भागात गेली. तिथल्या पिंपांच्या पुढच्या फळीत कमरेच्या उंचीवर एकेक पोलादी खिळा ठोकलेला होता. खिळा ओढला की बारीक धार ग्लासात पडते, खिळा परत बसवला की थांबते, आणि वरून हवा आत जात नाही. ही व्यवस्था तिनेच करून घेतली होती. तिने दोन नंबरचा खिळा ओढला, मग पाचचा, मग सहाचा. तीन ग्लास, तिन्हींत चुना. तिन्ही ग्लास राखाडी झाले.

"घ्या."

नविननी तिन्ही हुंगले. "याला ओल्या लाकडाचा वास आहे. याला थोडा फळाचा. तिसऱ्याला काहीच नाही."

"काळे, तू बघ."

काळीने तर ग्लासात नाकच बुडवलं. "उंदीर नाही," ती म्हणाली. आणि मग, कारण तिला राहवलं नाही, "या घरात उंदीर एकाच खोलीत राहतो वाटतं, दारापाशी."

बाया हसल्या. दीपेश हसला नाही.

"लाहूकाका," रोशनी म्हणाली, "चार नंबरचं बूच वर्षात किती वेळा उघडलं?"

लाहूने मालकाकडे पाहिलं. मग पायाकडे. लाहू इथे येण्याआधी तीस वर्षं ताडावर चढायचा. कुठल्या झाडाचा रस कधी काढला ते लक्षात राहावं म्हणून प्रत्येक ताडाच्या बुंध्यावर तो कोळशाने रेघ मारायचा. ती सवय त्याची सुटली नव्हती. कारखान्याची नोंदवही त्याला जमायची नाही, पण पिंपाचं बूच उघडलं की भिंतीकडच्या बाजूला खडूने एक रेघ ओढल्याशिवाय त्याचा हात राहायचा नाही. रोशनीला ते माहीत होतं. ती कधी वाकून बघायला गेली नव्हती, एवढंच.

लाहूने खिशातून मोबाइल काढला, त्याची बत्ती लावली आणि चार नंबरच्या मागे धरली.

रोशनी भिंत आणि पिंप यांच्या फटीत गाल टेकवून मोजू लागली. पाच-पाचाचे जुडगे नव्हते, नुसत्या रेघा होत्या, काही पुसट. ती मोठ्याने मोजत होती. मग मोबाइल घेऊन ती बाकीच्या पाचही पिंपांमागे वाकून आली.

"सदतीस," ती उभी राहत म्हणाली. गालाला धूळ लागली होती. "बाकीच्या पाचांवर दोन-दोन आहेत. भरताना एक आणि फळ घालताना एक. बहुतेक शनिवारी तुमचे पाहुणे यायचे. मी तुम्हाला खिळा दाखवला होता, सर. तुम्ही म्हणालात, खिळ्यात मजा नाही, नळीचा फोटो छान येतो. त्या दोन सोडल्या तर पस्तीस वेळा तुम्ही यात हवा घातलीत. फळ धुतलेलं होतं, नीट होतं, मी स्वतः घातलं. उंदीर या बायांच्या घरचा नाही."

आपला आवाज खोलीभर घुमला हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

नविन मावशीकडे कौतुकाने बघत रोशनीला म्हणाले, "ही चुन्याची टेस्ट फारच भारी आहे. मी माझ्या स्टाफला शिकवली तर चालेल?"

"मला काय विचारता?" रोशनी म्हणाली. "डबी तिची आहे."

तेवढ्यात नविनचा फोन वाजला आणि ते बोलायला बाहेर गेले. ते जाताच दीपेशने कपाळ चोळलं आणि आवाज खाली आणला.

"ओके. टेक्निकल इश्यू होता. झालं ते झालं. लाहू, टोपल्या आत घे."

लाहू निघाला. मावशीने हात आडवा केला.

"थांब. शेठ, उंदीर कुणाचा ते सांग आधी."

"मावशी, रोशनीने सांगितलं ना आत्ताच."

"तिनं सांगितलं. तू सांग. मघाशी तू बोललास, त्या माणसासमोर. तो येऊ दे परत, त्याच्यासमोर सांग."

दीपेश हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "आता ह्याचा एवढा इश्यू करायचा का?"

मावशीने बायांकडे पाहिलं. आठही जणी पिंपखोलीतून बाहेर पडल्या.

"रोशनी, जा, थांबव तिला. तुझीच मावशी आहे," दीपेश म्हणाला. "आणि ऐक. चार नंबर फेकायची गरज नाही. थोडं थोडं बाकीच्या पाचांत मिसळू. इतकं पातळ झाल्यावर कुणाला काय कळणार? आपली बिअर चुना खाऊन कोण पितंय?"

रोशनीने त्याच्याकडे पाहिलं. चार वर्षं ती या माणसाला 'सर' म्हणत होती. त्याने चूक केली याचा तिला फारसा राग नव्हता, चुका तिच्याही होत्या. पण दोन बायांच्या तोंडाला कळलेली गोष्ट त्याच्या लेखी कुणालाच कळलेली नव्हती. तिने लाहूकडून खडू मागून घेतला आणि चार नंबरच्या पुढच्या फळीवर, दारातून येणाऱ्याला दिसेल असं, मोठ्या अक्षरात लिहिलं: 'खराब. हवा शिरली. मिसळू नये. सोडून द्यावे.' खाली पूर्ण नाव लिहिलं.

"हे काय करतेस? नविन येतोय!"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. फाटकाजवळ अच्छाडला जाणारी जीप उभी होती आणि बाया टपावर टोपल्या चढवत होत्या. अच्छाडच्या नाक्यावर ट्रक थांबतात. पानांच्या द्रोणांत करवंदं संध्याकाळपर्यंत खपतील, सगळी नाही पण बरीच. मावशी फडकी नीट करत होती.

"बोलवायला पाठवलं तुला?"

"हो."

"मग बोलव."

"नाही बोलवत."

मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. गालावरची धूळ पदराने पुसली, प्रेमाने नव्हे, भांडं पुसावं तशी.

"तू कागदावर ठीक लिहिलं होतंस म्हणे."

"हो."

"का?"

"मला लागलं नाही तोंडाला."

"मग लागलं नाही असं लिहायचं. ठीक कशाला लिहिलं?"

रोशनी टोपलीवरच्या फडक्याचं टोक खोचू लागली.

"डबी आण इकडे," मावशी म्हणाली. डबी अजून रोशनीच्या मुठीतच होती. तिने ती दिली, खाली वाकून शेवटची टोपली उचलली आणि टपावरच्या जिवलीच्या हातात दिली.

ती आत आली तेव्हा नविन चार नंबरसमोर उभे राहून खडूची अक्षरं वाचत होते आणि दीपेश त्यांना भरभर काहीतरी सांगत होता. तिला पाहून तो थांबला.

"येतायत?"

"नाही. जीप भरते आहे, पाच-दहा मिनिटं आहेत. तुम्ही जा. त्यांना तुमच्याकडून ऐकायचंय."

दीपेशने घड्याळ पाहिलं. दारापर्यंत गेला. उंबऱ्यावर उन्हाची रेघ होती, तिथे थांबला. बाहेर जीपचा हॉर्न एकदा वाजला, मग दुसऱ्यांदा. तो नुसता उभा राहिला. जीप फाटकातून वळून अच्छाडच्या दिशेने गेली आणि तिची धूळ खाली बसेपर्यंत तो तिथेच होता.

रोशनीने आपल्या खोलीतून मागच्या आठवड्याचा कागद आणला. पिंपावरच ठेवून 'स्वच्छ, ठीक' या शब्दांवर एक सरळ रेघ ओढली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं: 'मला जाणवले नाही. लाडकी आणि काळी, रा. झरी, यांना जाणवले. त्यांचे बरोबर होते.' तारीख घातली, सही केली आणि कागद नविनच्या हातात दिला.

"बाई," लाहूने विचारलं, "सोडू का?"

"सोडा."

लाहूने खालच्या भोकाला नळी लावली आणि दुसरं टोक गटारात सोडलं. मग हवा आत जायला वरचं बूच काढलं, भिंतीच्या बाजूला वाकला आणि सवयीने आणखी एक रेघ मारली.